'हॉकिन्सची रिंग' की 'हॉकिन्ससाठी रिंग'?

प्रश्न : फ्लेक्स आणि पत्रकांचं डीटीपी करतो. एका गिऱ्हाइकाचं कुकर-मिक्सर दुरुस्तीचं दुकान आहे. रिंग लोकल कंपनीची, पण मजकूर दिलाय 'हॉकिन्सची रिंग मिळेल'. मी 'हॉकिन्ससाठी' सुचवलं, तर म्हणतो अर्थ एकच. खरंच एकच का?

— बोलण्यात एकच. "हॉकिन्सची रिंग द्या" म्हणणाऱ्याला आपल्या कुकरला बसणारी रिंग हवी असते, ती कोणी बनवली हे तो विचारतही नाही. पत्रकावर मात्र 'ची' ही षष्ठी विभक्ती मूळ सांगते : रिंग त्या कंपनीची. लोकल मालाला ते लावणं म्हणजे सरळ थाप. 'साठी' फक्त उपयोग सांगतं. 1999च्या व्यापारचिन्ह कायद्यात, कलम 30मध्ये, तेवढी मोकळीक आहे. सुटा भाग कशाला बसतो हे सांगण्यापुरतं दुसऱ्याचं नाव घेता येतं. अट अशी, की नाव घेण्यावाचून गत्यंतर नसावं आणि माल त्यांचाच असल्याचा भास होऊ नये.

— अहो, पण 'साठी'वर निर्धास्त राहू नका. नेमकं हेच प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं होतं. दुसऱ्या उत्पादकाच्या पाकिटावर 'हॉकिन्स प्रेशर कुकरसाठी योग्य' अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर होता. एका न्यायमूर्तींनी तो चालवून घेतला, 2008 साली खंडपीठाने मात्र मनाई केली. म्हणणं असं, की ही रिंग कुठल्याही कंपनीच्या कुकरला बसू शकते, मग एकट्या हॉकिन्सचंच नाव कशाला? त्यात बाकीची अक्षरं काळी आणि 'हॉकिन्स' लाल! डीटीपीवाल्यांनी हे ध्यानात ठेवावं. व्याकरणाने सुटलात तरी रंगाने अडकाल.

— देवगडच्या नावाने खपणाऱ्या परप्रांतीय आंब्यातही हीच 'चा'ची लबाडी. 2018 पासून हापूसला भौगोलिक मानांकन आहे, ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर जिल्ह्यांपुरतं. पण तो कायदा वेगळा, इथे फाटे नकोत.

— मग 'झेरॉक्स काढून मिळेल' या पाट्यांचं काय? गल्लोगल्ली आहेत.

— आहेत खऱ्या. तरी 2012 साली बौद्धिक संपदा अपील मंडळाने 'झेरॉक्स' हा सामान्य शब्द झाल्याचं मानलं नाही, चिन्ह कंपनीचंच राहिलं. लोकांच्या तोंडी बसला म्हणून शब्द कायद्याने मोकळा होत नाही.

— मूळ प्रश्नाकडे येऊ. 'सर्व कंपन्यांच्या कुकरच्या रिंगा मिळतील' असं लिहा. इथे 'कंपन्यांच्या' हे 'कुकर'कडे जातं, रिंगेच्या मुळाबद्दल काहीच दावा होत नाही. मधला 'कुकरच्या' मात्र गाळू नका, नाहीतर पहिलाच घोळ पुन्हा. रिंग बनवणाऱ्याचं नाव खाली ठळक टाका.

प्रश्नकर्ता : पटलं. 'रिंग' ठेवू की 'गॅसकेट'?

— रिंगच. गॅसकेट वाचून कुणीतरी मोटारसायकल घेऊन दारात उभा राहायचा.