विषय: मराठी वर्गाची सहल – माईल एंडचं शाळेचं म्यूझियम

प्रेषक: चिटणीस

नमस्कार मंडळी,

रविवारच्या मराठी वर्गाची यंदाची सहल पूर्व लंडनमधल्या माईल एंडला, कॉपरफिल्ड रोडवरच्या रॅगेड स्कूल म्यूझियमला न्यावी असं बाईंनी सुचवलंय. तिथे व्हिक्टोरियन काळातला वर्ग मांडून ठेवलाय. जुन्या पोशाखातल्या बाई मुलांना बाकांवर बसवून पाटी-पेन्सिलीचा धडा देतात. कुणाची हरकत किंवा सूचना असेल तर इथेच लिहा.

प्रेषक: एक पालक

हरकत नाही, शंका आहे. पाटी, छडी, गाढवाची टोपी हे सगळं आम्ही साताऱ्यात नगरपालिकेच्या शाळेत फुकटात भोगलंय. (टोपी सोडून. आमच्याकडे अंगठे धरायला लावायचे.) त्यासाठी एवढी वरात माईल एंडला कशाला? सायन्स म्यूझियमला न्या, पोरं तरी खूश होतील.

प्रेषक: पूर्व लंडनवाले काका

अहो, पाटी दाखवायला न्यायचंच नाहीये. ती इमारत दाखवायला न्यायचंय. मी त्याच भागात राहतो, तेव्हा जरा पाल्हाळ लावतो, चालवून घ्या.

रीजन्ट्स कालव्याला पाठ लावून उभी असलेली ही मुळात मालाची गोदामं. थॉमस बार्नार्डो हा डब्लिनचा तरुण १८६६ मध्ये लंडनला आला तो डॉक्टरी शिकून चीनला मिशनरी म्हणून जायचं ठरवून. त्याच सुमारास ईस्ट एंडमध्ये, म्हणजे आमच्या पूर्व लंडनच्या गरीब वस्तीत, पटकीची (कॉलऱ्याची) साथ आली. आईबाप गेलेली, उघड्यावर झोपणारी पोरं त्याने पाहिली आणि चीन राहिला बाजूला. पुढच्याच वर्षी त्याने एक छोटी शाळा काढली आणि १८७७ मध्ये या गोदामांत मोठी. लक्तरं नेसलेल्या पोरांसाठीच्या अशा मोफत शाळा, म्हणजेच रॅगेड स्कूल्स, लंडनमध्ये आधीपासून होत्या. १८४४ मध्ये त्यांची संघटनाही झाली होती. पण कॉपरफिल्ड रोडची शाळा त्या सगळ्यांत मोठी ठरली.

आता गंमत बघा. सरकारी बोर्ड शाळांचा कायदा १८७० चा. १८८० मध्ये दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना हजेरी सक्तीची झाली. पण फी बहुतेक ठिकाणी १८९१ पर्यंत सुरूच होती, आठवड्याला काही पेन्स. ज्याला गोदीवर आज काम मिळेल की नाही हे सकाळी फाटकापाशी उभं राहिल्यावरच कळायचं, त्याला चार पोरांचे तेवढे पैसेही जड. फीमाफी मिळायची, पण त्यासाठी बोर्डापुढे जाऊन गरिबीचं रडगाणं गायला लागायचं. म्हणजे अकरा वर्षं कायदा सांगत होता पोर शाळेत घाला, आणि शाळा सांगत होती पैसे आणा. कॉपरफिल्ड रोडवर फी नव्हती, वर न्याहारी आणि दुपारचं जेवण. थंडीच्या दिवसांत कित्येक पोरं आधी त्या जेवणासाठीच येत असणार, आणि त्यात गैर काय?

१९०८ मध्ये आसपास सरकारी शाळा पुरेशा झाल्या आणि ही बंद पडली. इमारतीत पुन्हा गोदामं, कारखाने. १९८० च्या दशकात ती पाडायचं घाटत होतं, तेव्हा आजूबाजूच्या रहिवाशांनी एकत्र येऊन ती वाचवली, ट्रस्ट केला आणि १९९० मध्ये म्यूझियम उघडलं. शाळा चालली ३१ वर्षं. म्यूझियमला आता त्याहून जास्त झाली.

प्रेषक: एक विद्यार्थिनी

काका, छान लिहिलंत, पण बार्नार्डोची दुसरी बाजूही मोठ्या मुलांना सांगावी. देणग्यांसाठी तो पोरांच्या फोटोंची कार्डं विकायचा. एकात फाटक्या कपड्यांतलं पोर, दुसऱ्यात तेच पोर स्वच्छ होऊन कामाला लागलेलं. हे फोटो बनावट असल्याचा आरोप झाला आणि प्रकरण लवादापुढे गेलं, तेही १८७७ मध्येच. लवादाने संस्थेला बहुतांशी निर्दोष ठरवलं, पण फोटोंवर ताशेरे मारले. इन्स्टाग्रामवर वाढलेल्या पोरांना हे पाटीपेक्षा लवकर कळेल.

आणि त्याच्या संस्थेने १८८२ पासून हजारो मुलं कॅनडाला पाठवली, शेतावर राबायला. काहींचे आईबाप हयात होते. अशा स्थलांतरित मुलांची ब्रिटिश पंतप्रधानांनी जाहीर माफी मागितली ती २०१० मध्ये.

प्रेषक: पुणेकर

१८८२ वरून आठवलं. त्याच साली जोतीराव फुल्यांनी ब्रिटिश सरकारने भारतातल्या शिक्षणासाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे निवेदन दिलं, त्यात निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा अशी मागणी होती. इथे इंग्लंडात तेव्हा सक्ती दहापर्यंत होती! त्याच सरकारकडे जोतीराव दोन वर्षं जास्तीची मागत होते. मुलांना हे जरूर सांगा.

बाकी माईल एंडच्या लोकांचा हेवा वाटतो. बुधवार पेठेतला भिडे वाडा, जिथे फुले दांपत्याने १८४८ मध्ये मुलींची शाळा काढली, तो आम्हाला नाही राखता आला. डिसेंबर २०२३ मध्ये जमीनदोस्त.

प्रेषक: पूर्व लंडनवाले काका

पुणेकर, हेवा करा, पण तुलना जपून. वाडा पार मोडकळीला आला होता, खाली दुकानं, वर्षानुवर्षं कोर्टकज्जे. सुप्रीम कोर्टापर्यंत गेल्यावर जागा मोकळी झाली ती स्मारकासाठीच. इथली गोदामं पक्क्या विटांची, आणि ती पाडायला निघाले तेव्हा शाळा बंद होऊन ऐंशी वर्षंही झाली नव्हती.

प्रेषक: तेच पालक

बरं, माझी शंका मागे. पण माझा मुलगा डावखुरा आहे. त्या काळच्या बाई उजव्या हाताने लिहायला लावणार असतील तर आधी सांगून ठेवा, घरी येऊन माझ्यावर खटला भरेल.

प्रेषक: चिटणीस

बाईंना कळवते. तर मग ठरलं. येणाऱ्यांनी नाव, मुलाचं वय आणि सोबत कोण ते गुरुवारपर्यंत मला कळवा. लहान गट वर्गात बसेल. दहाच्या वरच्या मुलांना काका कालव्याकडच्या बाजूने इमारत दाखवतील, आणि फोटोंचं प्रकरण सांगायला आपली विद्यार्थिनी येते आहे (तिने अजून हो म्हटलेलं नाही). स्टेशन माईल एंड, तिथून चालत. डबे आपापले.