लुलूची कारकीर्द १९६९ मध्ये संपली नाही
१९६९ मध्ये माद्रिदला झालेल्या युरोव्हिजन या युरोपीय गायनस्पर्धेनंतर ब्रिटिश गायिका लुलू ही केवळ दूरचित्रवाणीची सूत्रसंचालिका म्हणून उरली, असे एक मत आहे; ते मला अर्धेच पटते. त्या वर्षी ब्रिटनसह चार देश समान गुणांनी विजेते ठरल्यामुळे विजयाचे तेज काहीसे फिके पडले, आणि तिने तेथे गायलेले ‘बूम बँग-अ-बँग’ हे बालिश गाणे तिच्या आवाजाला शोभणारे नव्हते, हे मान्य आहे. ग्लासगोत वाढलेल्या आणि वयाच्या पंधराव्या वर्षी ‘शाउट’ गाऊन घसा मोकळा सोडणाऱ्या मुलीकडून अधिक काही अपेक्षित होते. मात्र ब्रिटिश गायक डेव्हिड बोवीचे ‘द मॅन हू सोल्ड द वर्ल्ड’ हे गाणे तिने बोवीच्याच साथीने ध्वनिमुद्रित केले आणि १९७४ मध्ये ते ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचले, याचा असे मत मांडणारे उल्लेखही करत नाहीत.

त्याहून महत्त्वाची बाब म्हणजे तिचे गीतलेखन. अमेरिकन गायिका टीना टर्नरच्या जीवनावरील १९९३ च्या चित्रपटासाठी टीनाने गायलेले आणि अमेरिकेत पहिल्या दहांत गेलेले ‘आय डोन्ट वॉना फाइट’ हे गाणे लुलू, तिचा भाऊ बिली लॉरी आणि स्टीव्ह ड्यूबेरी या तिघांनी लिहिले होते. त्याच वर्षी ‘टेक दॅट’ या तरुण गायकांच्या चमूसोबत गायलेल्या ‘रीलाइट माय फायर’मुळे ब्रिटनच्या यादीतील पहिले स्थान तिला प्रथमच लाभले; अमेरिकेत मात्र ती १९६७ मध्येच ‘टू सर, विथ लव्ह’मुळे अग्रस्थानी पोहोचली होती.