पाण्याखालचा पॉलिमरचा थर: वायूचा रांजण की नुसता अडथळा?

गंजलेला खिळा
पाण्यात ऑक्सिजनवर चालणाऱ्या इलेक्ट्रोडची खरी अडचण उपासमारीची. २५ अंशांना, हवेच्या संपर्कातल्या पाण्यात ऑक्सिजन लिटरमागे जेमतेम ८ मिलिग्रॅम. उत्प्रेरक म्हणून प्लॅटिनम कितीही उत्तम असो, ताटात काही नसेल तर काय खाणार?
मँचेस्टरच्या बड आणि मकिओन यांच्या गटाने २००४ मध्ये पिम-१ हा पॉलिमर मांडला (पिम म्हणजे मुळातच सूक्ष्म पोकळ्या असलेला पॉलिमर). याच्या साखळ्या इतक्या ताठ आणि वेड्यावाकड्या की एकमेकींना बिलगून बसूच शकत नाहीत. मधे २ नॅनोमीटरपेक्षा लहान पोकळ्या उरतात. याच कुळातल्या पिम-ईए-टीबीचा पातळ थर बाथ विद्यापीठातल्या फ्रँक मार्कन यांच्या गटाने इलेक्ट्रोडवर दिला. वायू पाण्याखालीही या पोकळ्यांत टिकतो आणि अभिक्रियेला हाताशी मिळतो, असं त्यांचं म्हणणं. मला हा मार्ग फार आशादायक वाटतो.

शंकेखोर
आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? थरात वायू दाटला तरी समतोलात त्याची रासायनिक सक्रियता बाहेरच्या पाण्याइतकीच. स्थिर विद्युतप्रवाह चालू ठेवला की साठा संपतो. पुढचा प्रत्येक रेणू पाण्यातूनच यायचा, वर तुमचा थर ओलांडून. म्हणजे अडथळ्यात भरच. फिरत्या चकतीच्या इलेक्ट्रोडवर मोजा, मर्यादा-प्रवाह, म्हणजे वायूच्या पुरवठ्याने ठरणारा कमाल विद्युतप्रवाह, वाढणार नाही.

गंजलेला खिळा
स्थिर प्रवाहाबद्दल मान्य, मी सरसकट बोललो. पण बारीक धारेच्या नळाखालीही रांजण रात्रभरात भरतोच ना? स्पंदांनी चालणाऱ्या संवेदकाला तेवढं पुरतं. शिवाय पोकळी कोरडी राहिली तर वायू तिच्यातून पाण्यापेक्षा कितीतरी वेगाने सरकतो. थराची कड पाण्याबाहेर, हवेत ठेवली तर? मग आड बदलला!

शंकेखोर
मग तो वायू-विसरण इलेक्ट्रोडच झाला की! मागून वायू देणारा. इंधनघटात तो कधीचाच वापरात आहे. नवं काय?

चंचुपात्र
मधेच तोंड घालते. तुम्ही दोघं वायूवरच अडलात. उत्प्रेरकाचे नॅनोकण इलेक्ट्रोडवर बांधायला आपण नाफिऑन हा आयन वाहणारा पॉलिमर वापरतो, पण त्याचे सल्फोनेट गट प्लॅटिनमला चिकटून जागा अडवतात. ताठ पिम कणावर लोळण घेऊ शकत नाही, त्यामुळे पृष्ठभाग बराच मोकळा राहतो आणि कण एकमेकांत मिसळत नाहीत. मला तरी हा फायदा जास्त खरा वाटतो.
आणि काका, पिम-ईए-टीबी आम्लात घातलात की त्यातला नायट्रोजन प्रोटॉन घेतो. मग आयन आणि पाणी आत शिरणार. तुमचा कोरडा रांजण तिथे कसा टिकेल?

गंजलेला खिळा
हा मुद्दा लागला. उदासीन द्रावणापुरतंच बोलतो.

शंकेखोर
@चंचुपात्र, कण बांधायला वापरा, माझी हरकत नाही. पण वायू पुरवतो म्हणून विकू नका. आणि क्लोरोफॉर्ममधून ओतलेला पिम-१ चा थर महिन्याभराने पुन्हा मोजा: साखळ्या हळूहळू बसतात, वायूची पारगम्यता घटते. वायू गाळणाऱ्या पटलवाल्यांची हीच जुनी डोकेदुखी आहे.