खलाशाची बोटं विंचमध्ये गेली तर मालकानं किती द्यायचं? मनाला येईल तेवढं, की कायद्याप्रमाणे?

जेटीवरचा हिशेबनीस

रत्नागिरीच्या बाजूच्या एका बंदरात मी बोटींचे हिशेब लिहितो. डिझेल, बर्फ, रेशन, जाळ्याची दुरुस्ती, उचल, पगार, सगळ्याला वहीत रकाना आहे. अपघाताला नाही. कोणाचा हात गेला, पाय मोडला, तर तो खर्च 'किरकोळ'मध्ये टाकायचा, अशी पद्धत आधीपासून चालत आली आहे. मला ती मान्य नाही, म्हणून हा धागा.

ऑक्टोबर २०२५ मध्ये आमच्याकडे एका पर्ससीन (थव्याला घेरणाऱ्या मोठ्या जाळ्याच्या) बोटीवर जाळं ओढताना एका खलाशाचा हात दोरासकट विंचवर, म्हणजे दोर गुंडाळून जाळं ओढणाऱ्या यंत्रावर, गेला. उजव्या हाताची तीन बोटं गेली. वय ३०, उत्तर कर्नाटकातला, पगार १५,००० आणि जेवण. मालकानं दवाखान्याचं बिल भरलं, पंचवीस हजार रोख दिले, गावी जायचं तिकीट काढून दिलं आणि 'माझी काही तक्रार नाही' असा कागद सही करून घेतला. जेटीवर सगळे म्हणाले, मालक देवमाणूस. तो वाईट माणूस नाही हे मीही म्हणतो. पण प्रश्न त्याच्या चांगुलपणाचा नाही.

अपघाताच्या वेळी लागू असलेला १९२३ चा कर्मचारी नुकसानभरपाई कायदा काय म्हणतो ते बघा. कायमचं अंशतः अपंगत्व आलं तर पगाराचे ६० टक्के गुणिले वयाचा गुणांक (कायद्याच्या तक्त्यात वयाप्रमाणे दिलेला आकडा), आणि त्यावर अपंगत्वाची टक्केवारी. पगार कितीही असो, हिशेबात १५,००० पर्यंतच धरतात. ३ जानेवारी २०२० च्या आधी तर ८,००० च धरायचे. तिसाव्या वर्षाचा गुणांक २०७.९८. कायद्यातल्या अपंगत्वाच्या कोष्टकात एका हाताची तीन बोटं म्हणजे ३० टक्के. ९,००० गुणिले २०७.९८, त्याचे ३० टक्के: ५,६१,५४६ रुपये.

पंचवीस हजार कुठे आणि साडेपाच लाख कुठे! ही तफावत तो पोरगा जन्मभर सोसणार. माझं म्हणणं एवढंच की हा पैसा हंगामाच्या खर्चात डिझेलाच्या शेजारी बसला पाहिजे. विमा काढा आणि त्याचा हप्ता वहीत लिहा.

हर्णैचा बोटवाला

हिशेबनीस, कागदावर गुणाकार करणं सोपं आहे. माझी एक ट्रॉलर आहे, तीही बँकेकडे गहाण. जून-जुलै बंदी. ऑगस्टमध्ये समुद्र शांत व्हायची वाट बघायची. त्यानंतर वादळाचा बावटा लागला की पुन्हा बोट नांगरावर. परराज्यातल्या मोठ्या बोटी येऊन मासळी उपसून नेतात ते वेगळंच. डिझेल आणि बर्फाचे पैसेही सुटत नाहीत असे फेरे मी केलेत. अशा वेळी कोणी साडेपाच लाख मागितले तर बोट विकावी लागेल आणि उरलेले सहा खलाशी घरी बसतील.

आणि उचलीचं काय? हंगामाआधी खलाशाला उचल द्यावी लागते, नाहीतर तो येतच नाही. दरवर्षी एखाद-दुसरा उचल घेऊन अर्ध्या हंगामात गायब होतो. भरपाईचे दावे ऐकायला सरकारी आयुक्त असतो, तसा ते पैसे मिळवून द्यायला कुठला आयुक्त आहे? नुकसान झालं की मालकाचं, अपघात झाला तरी मालकाचाच. समुद्रात आम्ही दोघंही उतरतो, मग जोखीम एकट्यानं का घ्यायची?

चिपळूणची वकील

बोटवाल्यांची अडचण खरी आहे, पण कायद्याबद्दल इथे काही गैरसमज दिसतात, ते आधी दूर करते.

मासेमारीला हा कायदा लागतो का, असं बऱ्याचदा विचारतात. लागतो. 'समुद्रात मासे पकडण्याच्या कुठल्याही कामावर असलेला माणूस' अशी नोंद कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. बोट एक असो की दहा.

'तक्रार नाही' या कागदाची किंमत शून्य. कलम १७ प्रमाणे भरपाईचा हक्क सोडून देणारा कुठलाही करार रद्दबातल ठरतो. तडजोड करायचीच असेल तर कराराची नोंद आयुक्तांकडे व्हावी लागते. ती केली नाही तर मालकाला पूर्ण भरपाई द्यावी लागते, आणि आधी दिलेल्या रकमेतली साधारण निम्मीच वजा होते. म्हणजे या प्रकरणात पंचवीसपैकी साडेबारा हजार.

मृत्यूच्या बाबतीत तर मालक फारच मोठी चूक करतात. विधवेच्या हातात रोख पैसे देतात आणि सुटलो असं समजतात. ती रक्कम आयुक्तांकडेच जमा करावी लागते. तीन महिन्यांच्या पगाराइतकी आगाऊ मदत सोडली तर परस्पर दिलेला पैसा भरपाईत धरला जात नाही. तिसाव्या वर्षी १५,००० पगाराचा माणूस गेला तर पगाराचे ५० टक्के (मृत्यूला ६० नाही, ५० धरतात), म्हणजे ७,५०० गुणिले २०७.९८, म्हणजे १५,५९,८५० रुपये. एका महिन्यात दिले नाहीत तर १२ टक्के व्याज, आणि समाधानकारक कारण नसेल तर रकमेच्या ५० टक्क्यांपर्यंत दंड. विमा असला तरी हा दंड मालकाच्या खिशातून जातो, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९७ मध्ये एका वाहन अपघाताच्या प्रकरणात सांगितलं आहे.

आणि बोटवाले, तुमच्या उचलीच्या तक्रारीत तथ्य आहे. पण ती दिवाणी वसुली आहे. एकानं उचल बुडवली म्हणून दुसऱ्याच्या बोटांची भरपाई कापता येत नाही.

तीस वर्षं तांडेल

मी तांडेल, म्हणजे बोटीवरचा प्रमुख. दोन्हीकडचं ऐकलं. मी सांगतो ते दोघांनाही आवडणार नाही. विंचच्या ड्रमवर जाळी किंवा आडकाठी बसवलेल्या बोटी मी फार थोड्या बघितल्या. बसवली तरी काम मंदावतं म्हणून काढून ठेवतात, आणि काढणारे खलाशीच असतात. रात्री तीनला मासळीचा थवा लागला की झोपेतून उठून पोरं उभी राहतात. रेनकोटची बाही लोंबत असते, पायात दोराची वेटोळी असतात. कोणी दोन घोट घेतलेलेही असतात. मी ओरडून ओरडून घसा बसवून घेतला. अशा वेळी सगळा दोष मालकाचा कसा?

चिपळूणची वकील

तांडेल, या कायद्यात दोष कोणाचा हा मुख्य प्रश्नच नाही. काम करताना, कामामुळे इजा झाली की भरपाई. बेसावधपणा, घाई, झोप यांनी हक्क जात नाही. अपवाद तीन: नशेत असणं, सुरक्षिततेचा स्पष्ट नियम जाणूनबुजून मोडणं, आणि बसवलेलं संरक्षक साधन जाणूनबुजून काढणं. पण मृत्यू झाला किंवा कायमचं संपूर्ण अपंगत्व आलं तर हे तीनही अपवाद मालकाला वापरता येत नाहीत. जाळी बसवलीच नसेल तर ती 'काढली' असं म्हणायची सोयच नाही.

देवगड, आंबा बागायतदार

मी विरोधी बाजूनं बोलतो. ही सगळी जबाबदारी सरकारनं घ्यावी. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचं संरक्षण मिळतं. मच्छीमारांसाठी मत्स्यसंपदा योजनेत गटविमा आहे: मृत्यू किंवा संपूर्ण अपंगत्वाला पाच लाख, कायमच्या अंशतः अपंगत्वाला अडीच लाख. एवढं असताना छोट्या मालकाच्या मानेवर १९२३ चा कायदा कशाला? माझ्याकडे मोहर आल्यावर फवारणीला गडी येतात, काढणीला दुसरे. निम्मे ठेकेदाराचे. आज या बागेत, उद्या त्या बागेत. त्यांच्या आयुष्याचा हिशेब मी कुठे ठेवू?

जेटीवरचा हिशेबनीस

बागायतदार, त्या योजना चांगल्याच आहेत आणि आमच्या मच्छीमार सोसायटीतल्या प्रत्येकाचं नाव त्यांत लागलं पाहिजे. पण तुम्हीच दिलेल्या आकड्यांत बघा. वीस रुपयांच्या योजनेत तीन बोटं गेलेल्याला काय मिळतं? तिथे अपंगत्व मोजतात ते डोळा, हात किंवा पाय गेला तर. बोटांना तिथे जागा नाही. खलाशाचं पोट बोटांवर आहे. तीन बोटं नसलेल्याला जाळं विणता येत नाही, गाठ मारता येत नाही, कुठला तांडेल त्याला घेईल?

ठेकेदाराचं म्हणाल तर नफा तुमच्या बागेचा होतो ना?

चिपळूणची वकील

फवारणीचं स्पष्ट सांगते: शेतीत कीटकनाशक फवारणाऱ्या माणसाची नोंद परिशिष्टात आहे. आणि कलम १२ प्रमाणे तुमच्याच धंद्याचं काम ठेकेदाराच्या माणसानं केलं तर भरपाई आधी तुम्ही द्यायची, मग ठेकेदाराकडून वसूल करायची. जखमी गड्यानं ठेकेदाराच्या मागे हिंडायचं नाही. आंबा काढताना झाडावरून पडलेल्या गड्याचा मुद्दा अधिक गुंतागुंतीचा आहे, तिथे बागेत किती माणसं कामाला होती यासारखे प्रश्न येतात. त्याचं सरसकट उत्तर मी देणार नाही.

सरकारी विम्याचे पैसे मिळाले म्हणून मालकाची जबाबदारी संपत नाही, हेही लक्षात घ्या.

वेंगुर्ल्याची एक बाई

तुमी सगळे कायदो बोलतास. माझ्या घोवाचो पाय चिरेखाणीत गेलो. मालकान गाडी करून गोव्यात बांबोळीच्या हॉस्पिटलात न्हेल्यान, धा हजार दिल्यान, मगे फोन उचलूक नाय. कायदो असा ह्या आमका कोणी सांगल्यानच नाय. सांगूचा काम कोणाचा?

चिपळूणची वकील

ताई, सांगायचं काम मालकाचंच. २०१७ च्या दुरुस्तीनं कलम १७-अ आलं. कामावर घेतानाच भरपाईचा हक्क लेखी आणि त्याला समजेल अशा भाषेत सांगणं मालकाला बंधनकारक झालं. न सांगितल्यास १९२३ च्या कायद्यात पन्नास हजार ते एक लाख दंड होता. अपघाताला दोन वर्षं झाली नसतील तर अर्ज करता येतो. झाली असतील तरी उशिराचं सबळ कारण दाखवून प्रयत्न करता येतो. दवाखान्याची कागदपत्रं जपून ठेवा. उपचाराचा प्रत्यक्ष खर्च भरपाईशिवाय वेगळा मिळतो. मला व्यक्तिगत निरोप पाठवा, मी पैसे घेणार नाही.

हर्णैचा बोटवाला

वेंगुर्ल्याच्या ताईंचं वाचून वाईट वाटलं. फोन न उचलणाऱ्या मालकाची बाजू मी घेणार नाही. पण माझा मुद्दा तिथेच आहे. विमा काढायला मी तयार आहे, मला तो परवडेल असा मिळतो का? माझे खलाशी मध्येच बदलतात. यादीतला माणूस गेला आणि नव्याला अपघात झाला तर कंपनी हात वर करणार. आणि तीस टक्के कोणी ठरवायचे? उद्या कोणीही म्हणेल की मला आता कामच करता येत नाही, शंभर टक्के द्या.

चिपळूणची वकील

नावानिशी यादी न देता, माणसांची संख्या आणि एकूण पगार सांगून काढायची पॉलिसी असते. ती मागा. खलाशी बदलले तरी संख्या आणि पगार जाहीर केल्याप्रमाणे असले की चालतं. पगार कमी दाखवून हप्ता वाचवायला मात्र जाऊ नका, दाव्याच्या वेळी तेच अंगाशी येतं.

शंभर टक्क्यांची भीती अगदी निराधार नाही. १९७६ च्या प्रताप नारायण सिंह देव खटल्यात सुताराचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला होता. कोष्टकाप्रमाणे ते अंशतः अपंगत्व होतं, पण एका हातानं सुतारकाम होत नाही म्हणून सर्वोच्च न्यायालयानं ते शंभर टक्के मानलं. भरपाई अपघाताच्या दिवसापासून देय होते हेही त्याच निकालात आहे. पण हे कोणाच्या तोंडी सांगण्यावर ठरत नाही. डॉक्टरांचा दाखला आणि पुरावा लागतो, मालकाला उलटतपासणी घेता येते.

तीस वर्षं तांडेल

जुना कायदा गेला असं ऐकतो. मग हे सगळं कशाला?

चिपळूणची वकील

२१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली, १९२३ चा कायदा तिच्यात आला. भरपाईची जबाबदारी तशीच आहे. उलट घर ते कामाची जागा या वाटेवरचा अपघातही, कामाशी संबंध दिसला तर, त्यात आला. हिशेबनीसांनी सांगितलेला अपघात ऑक्टोबरचा, म्हणून त्याला जुना कायदा.

जेटीवरचा हिशेबनीस

बोटवाले, तुमच्या हंगामाचे आकडे मला पाठ आहेत, म्हणून तुमची कळ मला कळते. पण जोखीम दोघांची हे मला पटत नाही. मासळी जास्त आली तर खलाशाचा पगार दुप्पट होत नाही. जादा वाटा बोटीचा. मग वाईट दिवसाचा वाटाही बोटीनंच उचलायला हवा. सोसायटीनं सगळ्या बोटींची एकत्र पॉलिसी घ्यावी असं मी लेखी देतो आहे. तांडेल म्हणतात ते विंचचं झाकणही त्यात घाला.

त्या पोराशी माझं बोलणं झालंय. वकीलबाई, अर्ज त्याला त्याच्या गावाकडे करता येईल ना? इथे येऊन-जाऊन राहणं त्याला जमणार नाही.

चिपळूणची वकील

येईल. अर्जदार नेहमी राहतो त्या ठिकाणच्या आयुक्तांकडे अर्ज करता येतो. ऑक्टोबर २०२७ च्या आत करा. पगाराचा पुरावा हीच अशा दाव्यांतली सगळ्यात मोठी अडचण असते.

हर्णैचा बोटवाला

सोसायटीच्या पॉलिसीचं बघू, दर आला की सांगा, मी सभेत बोलेन. पण हिशेबनीस, पगाराचा पुरावा म्हणजे तुझी वहीच ना? मालकाविरुद्ध तू वही दाखवणार? उद्या बंदरात तुला कोण काम देईल?

जेटीवरचा हिशेबनीस

आयुक्तांनी बोलावलं तर दाखवेन. मालकाला हे काल तोंडावर सांगून आलोय. त्यानं दिलेले पंचवीस हजार आणि दवाखान्याचं बिलही त्याच वहीत आहे, तेही दाखवेन. तो चिडला आहे. एका बोटीचं हिशेबाचं काम कदाचित जाईल माझ्या हातून. सोसायटीची सभा पुढच्या आठवड्यात आहे, तिला या.