सात सीटर घेण्याआधी डिकीत आडवं होऊन बघावं का?

माळरान:
आम्ही नवरा-बायको मोठी एसयूव्ही घेतोय. सप्टेंबरमध्ये पुण्याहून स्पितीला जायचं आहे आणि वाटेत काही रात्री गाडीतच काढायच्या आहेत. गेले तीन रविवार मी टेप आणि योगाची चटई घेऊन शोरूममध्ये जातोय. प्रत्येक ठिकाणी सेल्सवाला ब्रोशर पुढे करतो: मागच्या सीट पाडल्यावर डिकी इतक्या लिटरची. झोपायचं असेल तर हा आकडा बाजूला ठेवा, असं माझं ठाम मत झालंय. डिकी मोजायची एक रूढ पद्धत म्हणजे २०० × १०० × ५० मिलिमीटरचे, म्हणजे एकेका लिटरचे, ठोकळे आत रचत जायचे. ठोकळा चाकाच्या फुगवट्यावर बसतो, कोपऱ्यात बसतो. पाठीला तसं करता येत नाही.

मी मापं घेतो ती अशी. पुढच्या सीट पूर्ण पुढे सरकवायच्या आणि डिकीचं दार बंद करून लांबी घ्यायची. दार उघडं ठेवून घेतलेली लांबी फसवी असते. मग दोन्ही चाकांच्या फुगवट्यांमधली रुंदी. मग उंची, कारण माझी उंची १७८ सेंटिमीटर आहे आणि मांडी घालून बसलो की टाळू जमिनीपासून साधारण ९२ वर येते. खाली दहाची गादी घातली तर १०२ हवेत. तेवढे नसतील तर शर्टसुद्धा आडवं पडून बदलावा लागतो.

शेवटी सपाटपणा. फॉर्च्युनर ४७९५ मिलिमीटर लांब आहे, पण तिची तिसरी रांग दुमडून दोन्ही बाजूंच्या खिडक्यांशी टांगली जाते, म्हणजे नेमकी खांद्याशी जागा जाते. सफारी ४६६८ मिलिमीटरची, पण तिच्यात तिसऱ्या रांगेची पाठ खाली पडून सपाट होते. बाहेरून मोठी म्हणजे आतून ऐसपैस, हे गृहीत धरू नका. गाडी घेण्याआधी दोघांनी डिकीत शेजारी शेजारी पडून बघावंच. तुमचं काय मत?

तंबू_नाशिक:
साफ असहमत. माळरानराव, तुम्ही वर्षातल्या आठ-दहा रात्रींसाठी गाडी निवडताय. बाकीचे साडेतीनशे दिवस ती ऑफिसला जाणार, आईवडिलांना दवाखान्यात नेणार. त्यांना चढायला सोपं पडतं का, हे आधी बघा.

आणि तुमच्या मापांत एक गोष्ट राहिली: सामान. दिवसा डिकीत असतं, रात्री तिथे तुम्ही. मग बॅगा कुठे? मी भंडारदऱ्याला जूनमध्ये हा प्रयोग केला. रात्री अकराला पाऊस सुरू झाला. दोन सॅक, स्टोव्ह, खाण्याची पेटी, सगळं पुढच्या सीटवर रचलं. सकाळी निघायचं तर आधी सगळं पुन्हा मागे. तीन रात्रींत दोघं एकमेकांवर खेकसायला लागलो. तेव्हापासून चांगला दोन थरांचा तंबू बाळगतो. गाडी सामानाला, तंबू माणसांना.

रेवाची आई:
तंबूवाले दादा, तुमचं सामानाचं म्हणणं पटलं, पण बाकीचं नाही. मी आणि माझी बारा वर्षांची लेक, दोघीच फिरतो. अनोळखी गावाच्या कडेला तंबूत मला डोळा लागत नाही. कापडाला कुलूप नसतं. गाडीत दारं लॉक करून पडलं की झोप येते, आणि काही वाटलंच तर चप्पल न घालता स्टिअरिंगवर बसून निघता येतं. म्हणून ड्रायव्हरच्या सीटवर मी कधीच सामान ठेवत नाही.

माळरान, तुमच्या यादीत दोन गोष्टी घाला. बऱ्याच गाड्यांत डिकीचं दार आतून उघडत नाही. रात्री बाथरूमला जायचं तर पाडलेल्या सीटवरून रांगत बाजूच्या दारापर्यंत यावं लागतं, ते शोरूममध्येच करून बघा. दुसरं, आत बसून किल्लीच्या बटणाने लॉक केलं आणि मग दार आतून उघडलं, तर अनेक गाड्यांत अलार्म वाजतो. तारकर्लीला पहाटे तीनला माझ्या गाडीने अख्खी वाडी उठवली होती. आता आतून दाराच्या बटणानेच लॉक करते.

गॅरेज सातारा:
तुम्ही सगळे लांबी-रुंदीवर बोलताय. मला हवेचं बोलायचंय, ते सगळ्यात आधी यायला हवं होतं.

इंजिन चालू ठेवून, एसी किंवा हीटर लावून झोपायचं नाही. एक तासही नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, झोपलेल्याला जाग येत नाही. गाडी भिंतीला लागून उभी असेल, मागे उंच गवत असेल किंवा सायलेन्सरचं तोंड बर्फाने बुजलं असेल, तर धूर बाहेर न जाता खालून आत शिरतो. डिकी उघडी ठेवून इंजिन चालू ठेवणं तर त्याहून वाईट, कारण सायलेन्सर तिथेच आहे. थंडीत शेगडी आत घेणारेही बघितलेत. कृपा करून घेऊ नका.

सगळ्या काचा बंद करूनही झोपू नका. दोन माणसांच्या श्वासाने सकाळी काचांवरून पाणी ओघळतं, गादीची कड ओली होते. समोरासमोरच्या दोन काचा दोन बोटं खाली घ्या, आतून मच्छरदाणीचं कापड लावा. डोअर व्हायझर, म्हणजे काचेच्या वरची पाऊस अडवणारी पट्टी, असेल तर पावसातही चालतं.

एक कायद्याचं. जागा वाढवायला तिसरी रांग कायमची काढायला लोक येतात. मी नाही काढत. आरसीवर सात सीट लिहिल्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारे बदल असे परस्पर करता येत नाहीत. प्लायचा पाट करा, पण सुटा, बोल्ट न मारता.

तंबू_नाशिक:
गॅरेजवाल्या दादांनी माझाच मुद्दा भक्कम केला. काच उघडी, पाट सुटा, सामान पुढे, रांगत बाहेर. एवढं करून गाडीत का झोपायचं?

सह्यभटका:
कारण स्पितीतलं काझा गाव साडेतीन हजार मीटरच्या वर आहे, आणि तिथल्या वाऱ्यात अंधार पडल्यावर तंबू ठोकणं म्हणजे काय ते ठोकल्याशिवाय कळत नाही. बोटं बधिर, खिळा दगडाला लागून वाकतो. गाडीत दार ओढून घेतलं की वारा संपला. कोकणात एप्रिलमध्ये मात्र मी तुमच्या बाजूचा. त्या उकाड्यात पत्र्याच्या डब्यात कोण झोपेल! ठिकाण बघून ठरवायला हवं.

माळरान:
सामानाबद्दल हार मान्य. मापं घेताना गाडी रिकामी होती आणि मी त्यातच खूश होतो. अलार्म आणि रांगणं यादीत घातलं. हवेबद्दल दादांचे मनापासून आभार, आम्ही हीटर लावून झोपायचंच ठरवलं होतं. आता उणे तापमानाच्या स्लीपिंग बॅगा बघतो.

पण टेप सोडणार नाही, तंबूवाले. गाडीला लाखो रुपये मोजणार, तर अर्धा तास आडवं पडून बघण्यात कसला संकोच? मित्राकडे तसलीच गाडी आहे. या शनिवारी आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये तिच्यात एक रात्र काढतो.

तंबू_नाशिक:
जरूर काढा. पण स्पितीला नेणार तेवढं सगळं सामान भरून, वहिनींनाही घेऊन. आणि रविवारी सकाळी इथे खरं काय ते लिहा.