ताई अपक्ष उभी राहतेय, खर्च समिती कशी बसवावी?

बांधावरून (१७ ऑक्टोबर २०२४)
नमस्कार. माझी मोठी बहीण विधानसभेला अपक्ष उभी राहतेय. मंगळवारी, २२ तारखेपासून अर्ज भरणं सुरू. गावची वर्गणी नि घरची पुंजी मिळून जास्तीत जास्त ९ लाख. पै न पै चोख लिहिली जावी म्हणून पाच जणांची खर्च समिती करायचं मनात आहे. कोणाला घ्यावं? खातं कोणाच्या नावे काढावं?

करसल्लागार_अकोला
कायद्यात उमेदवाराची 'समिती' असा प्रकारच नाही. हिशेबाची जबाबदारी उमेदवार आणि त्याचा निवडणूक प्रतिनिधी (उमेदवाराने लेखी नेमलेला माणूस) यांचीच. निवडणूक खर्चाचं वेगळं बँक खातं ताईंच्या एकटीच्या नावे, नाहीतर प्रतिनिधीसोबत जोडखातं. तुम्ही सख्खे भाऊ असलात तरी प्रतिनिधी नसाल तर तुमचं नाव चालणार नाही. अर्ज भरायच्या निदान एक दिवस आधी खातं तयार हवं.

रणशिंग७
समिती कराच! २०१९ला आमच्या दादांची तीस जणांची होती. वॉररूम, ड्रोनवाला, सगळं. खर्चाची मर्यादा आता ४० लाख आहे, निदान ३० बाजूला काढा. ९ लाखांत अर्धा मतदारसंघ फिरून होत नाही.

चहा_पोहे
अहो, त्यांनी ९ लिहिलंय. आमचं ऐका. भावकीतल्या बायकांनी पोहे केले, आम्ही फक्त किराणा लिहिला. निवडणूक खर्चावर नजर ठेवणाऱ्या सरकारी पथकाने व्हिडिओतली माणसं मोजून निवडणूक कार्यालयाच्या दरपत्रकाप्रमाणे प्लेटी लावल्या! नोटीस, ४८ तासांत खुलासा. अजून राग जात नाही. दरपत्रक पहिल्याच दिवशी मागून घ्या. चहा, खुर्च्या, मंडप, हार, सगळ्याचे दर त्यात असतात.

न्यूजर्सीकर
इथल्या आमच्या गटातून वर्गणी काढून पाठवू का? ताईंसारख्या बाया निवडून यायला हव्यात.

करसल्लागार_अकोला
भारतीय पासपोर्ट असेल तर बँकेतून पाठवा. अमेरिकन नागरिकत्व घेतलेल्यांनी मुळीच नको, उमेदवाराला परकीय देणगी घ्यायला बंदी आहे.

न्यूजर्सीकर
ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते) भारत सरकारनेच दिलंय. मग आम्ही परके कसे?

करसल्लागार_अकोला
कार्ड आहे, नागरिकत्व नाही. ताई अडचणीत येतील.

हिशेबी_मावशी
वेगळं खातं हवं, हे वर आलंच, तरी पुन्हा सांगते. निवडणूक कार्यालयाकडून मिळणाऱ्या खर्चाच्या वहीत पांढरी पानं रोजच्या खर्चाची, गुलाबी रोखीची, पिवळी बँकेची. एका माणसाला किंवा दुकानाला अख्ख्या निवडणुकीत मिळून १० हजारांवर रोख द्यायची नाही, एकाकडून त्याहून जास्त रोख घ्यायचीही नाही. मंडपवाला रोखच मागेल, त्याच्याशी आधीच बोला. प्रचारात तीनदा वही तपासायला न्यावी लागते. माझ्या दिरांनी चार दिवसांचं एकदम लिहिलं, नि खर्च निरीक्षकांपुढे तीन व्हाउचरं सापडेनात. मी पतपेढीत २६ वर्षं काढली, दिवसाचा ताळा जुळल्याशिवाय कधी उठले नाही. लिहिणारा हात एकच ठेवा, नि रोज रात्री लिहा.

रणशिंग७
झेडपीच्या शाळेतले गुरुजी बसवा लिहायला. आणि देणगीदारांना सांगा, आयकरात सूट मिळते.

करसल्लागार_अकोला
दोन्ही चूक. सेवेतले गुरुजी नकोत, निवृत्त चालतील. सूट पक्षाला दिलेल्या देणगीवर असते, अपक्ष उमेदवाराला दिलेल्या नाही. निकालानंतर ३० दिवसांत हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांकडे गेला नाही तर तीन वर्षं अपात्र ठरवू शकतात. समितीचा नाद सोडा.

चहा_पोहे
समिती नकोच. पाच जण म्हणजे पाच तोंडं. आणि दरपत्रक विसरू नका.

बांधावरून
सगळ्यांचे आभार. ताईशी बोललो. समिती करायचीच. वर्गणीत बचत गटाच्या बायकांचे पाचशे-पाचशे रुपये आहेत, वही बघायचा त्यांचा हक्क आहे, असं ती म्हणते. खातं तिच्या एकटीच्या नावे. वही निवृत्त पोस्टमास्तर काका लिहितील, आणि गटातल्या पाच जणी रोज रात्री नऊला आमच्या ओसरीवर ऐकून घेतील. मावशी, वर्गणी रोख आली की आधी गुलाबी पानावर, बँकेत भरल्यावर पिवळ्यावर, असंच ना? उद्या सकाळी खातं काढायला जातोय.

हिशेबी_मावशी
हो. बँकेत भरली की गुलाबीतून वजा दाखवा, पिवळ्यात जमा. पावतीवर देणाऱ्याचं पूर्ण नाव-पत्ता हवा, पाचशे असले तरी.