मदत हवी आहे: 'मंकी आयलंड'ची फ्लॉपी अर्ध्यात अडकते

नमस्कार मंडळी. माळा आवरताना दादाने जपून ठेवलेल्या 'द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड' या कॉम्प्युटर गेमच्या (१९९०) फ्लॉप्या सापडल्या. यूएसबी फ्लॉपी ड्राइव्हने कॉपी करतोय, पण शेवटची फ्लॉपी अर्ध्यात एरर देते. खराब सेक्टर वगळून उरलेलं वाचणारं सॉफ्टवेअर कुणी स्वतः वापरलंय का? ड्राइव्हचं हेड आधी साफ करून बघू का?

फाइल्स मिळाल्या की पुढचं स्कमव्हीएमवर (जुने गेम आजच्या कॉम्प्युटरवर चालवणारं सॉफ्टवेअर) मला जमेल. गेमच्या २००९च्या नव्या आवृत्तीत एफ१० दाबलं की जुनी चित्रं दिसतात, माहीत आहे. पण ती २५६ रंगांची. आमची १६ रंगांची होती आणि मला तीच हवी आहे.

टोमणे मारून तलवारबाजी जिंकायची! कुठल्या टोमण्याला कुठलं उत्तर, याची दादाने वही केली होती. कप्पी बसवलेली रबरी कोंबडी दोरावरून पलीकडे जायला लागते, हे कळायला आम्हाला अख्खी सुट्टी लागली. नायक पाण्याखाली १० मिनिटं श्वास रोखतो, ते तर घड्याळ लावून तपासलं होतं.

दिवाळीत दादा येतोय. त्याआधी चालू करायचीय. कृपया सांगा.